झऱ्याकाठचा बाक

पैज लागली ओरेथाच्या पेट्रोल पंपावर, उकडलेल्या शेंगांच्या पातेल्यापाशी. लिनवूड म्हणाला, "या वर्षीची पोरं हुशार आहेत. त्यांना कळणार."

मी म्हणालो, "ती बाक करणार."

"कळणार म्हणतोय मी."

"आणि मी बाक म्हणतोय. पाठ टेकायला फळी असलेला."

ओरेथानं झाऱ्यावर एक शेंग घेऊन मीठ चाखलं आणि म्हणाली, नुसती तोंडं वाजवू नका, काहीतरी लावा. मग ठरलं. ऑगस्टात आमच्या चर्चचा परतीचा रविवार असतो. गाव सोडून गेलेले डेट्रॉइटपासून शिकागोपर्यंतचे सगळे त्या दिवशी येतात, अंगणात लांब टेबलं मांडून जेवण होतं. त्या दिवशी हरणाऱ्यानं माझी मासे धरायची पिवळी रबरी विजार घालायची, माझ्या ट्रकच्या मागच्या फळकुटावर चढायचं आणि सगळ्यांसमोर तीनदा कोंबड्यासारखं आरवायचं. पोरांना कुणी न सांगता आपसूक कळलं, तर थर्मन, म्हणजे मी, हरलो. नाही कळलं, तर लिनवूड हरला. कुणी काही बोलायचं नाही, सुचवायचं नाही.

ओरेथा तेवढी कुरकुरली. चर्चच्या अंगणात कोंबडा आरवला की, आरवण्याआधी येशूला तीनदा ओळखत नाही म्हणणारा तो चेला आठवतो, म्हणाली. मी म्हणालो, तो निदान नंतर रडला तरी.

लिनवूड माझ्या घरापासून दोन घरं सोडून वाढला. आता बर्मिंगहॅमच्या कॉलेजात वस्तू कशा घडवायच्या ते शिकवतो. वस्तू म्हणजे खुर्चीपासून दवाखान्यापर्यंत काहीही. त्याचं शिकवणं असं, की आधी घडवायचं नाही. आधी ज्याला वापरायचं त्याच्यापाशी जाऊन बसायचं, विचारायचं, ऐकायचं, त्याचं दुखतं कुठं ते पाहायचं आणि मग हात घालायचा. दर उन्हाळ्याला तो पोरांची एक टोळी घेऊन आमच्या आळीत उतरतो. पहिल्या टोळीनं आळीच्या नावाची सुंदर पाटी केली. आळीचं नाव आम्हाला आधीच ठाऊक होतं. दुसऱ्या टोळीनं पुस्तकं ठेवायला काचेच्या दाराची पेटी केली, तिच्यात आता गांधीलमाश्या राहतात. म्हणून मी म्हणालो, आता नंबर बाकाचा.

पोरांना काय कळायचं होतं, ते आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आमची माती काळी. उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगून अशी मिटते, की थेंब आत घेत नाही. संडासाचं पाणी जिरवायला जमिनीत टाकी पुरायची असा कायदा आहे. पुरली तर पहिल्या मोठ्या पावसाला टाकीतलं सगळं उलटं घरात येतं. म्हणून आळीतल्या प्रत्येक घरामागून एक पाइप निघतो आणि गवतात जाऊन संपतो. पुढं देव पाहून घेतो.

लिनवूडची आई वर्डेल, मी तिला मावशी म्हणतो. तिच्या घरी लिनवूडनंच हौसेनं टाकी बसवून दिली होती. मार्चमधल्या पावसात ती भरली आणि मावशीच्या न्हाणीतल्या टबातून वर आली. मी बादली घेऊन गेलो, तर मावशी गुडघ्यावर बसून दुधाच्या भांड्यानं टब उपसत होती. उभी हयात तिनं मासे कापायच्या कारखान्यात काढली. दिवसभर गार पाण्यात सुरी. तिची बोटं आता पुरती मिटत नाहीत, भांड्याचा कान धरवत नव्हता, म्हणून दोन्ही तळव्यांत भांडं दाबून ती उपसत होती. नाकाला रविवारचा रुमाल बांधलेला. मला पाहून तिनं आधी टबाचा पडदा ओढला.

उपसून झालं, ब्लीचनं धुऊन झालं, टाकी तोडून मी तिच्याही घरामागं गवतात पाइप काढून दिला, मग तिनं मला शपथ घातली. "तू काही पाहिलं नाहीस, थर्मन."

"काय पाहिलं नाही?"

"शहाणा आहेस."

शपथेला कारण होतं. पलीकडच्या आळीत म्हाताऱ्या होझियाकडे आरोग्य खात्याचा माणूस आला होता. गवतातला पाइप सापडला, दारावर लाल कागद चिकटला, घर राहण्यास अयोग्य. होझिया आता डेट्रॉइटला लेकीकडे खिडकीशी बसतो आणि फोन केला की विचारतो, दारातल्या पिकनच्या झाडाला फळ धरलं का. या मातीत चालेल अशी टाकी असते, नाही असं नाही. जमिनीवर वाळूचा मोठा उंचवटा करून त्यात पाणी जिरवायचं. पण ती करायला घराच्या किमतीहून जास्त लागतं आणि घराच्या किमतीवर कुणी कर्ज देत नाही. मावशीला बाकी काही नको होतं. नवऱ्यानं बांधलेल्या त्या घरातून तिला मेल्यावरच, पाय पुढं करून निघायचं होतं, एवढंच.

आता कुणी म्हणेल, लिनवूड गुरुजी, त्याच्या हाताशी पोरं, या कामाला पैसे पुरवणाऱ्या संस्थेनं दिलेलं सामान, मग त्यानंच का नाही सांगितलं, बाबांनो, वाळूचा उंचवटा करा. तर संस्थेचा नियम. शिकवणाऱ्यानं स्वतःच्या नात्यातल्या माणसासाठी काही करून घ्यायचं नाही. पोरांनी आपणहून आळीत फिरून, लोकांना विचारून हे दुखणं शोधलं तर संस्था मान्य करणार. लिनवूडनं तोंड उघडलं की तो आईचं घर भरणारा चोर. म्हणून तो वर्षभर पोरांना शिकवत होता की बघा, ऐका, वास घ्या. सगळं शिकवलं, एक गोष्ट सोडून.

जूनमध्ये चौघं आली. त्यांतली मारेन, मिनेसोटाकडची, लांब वेणीची, कमी बोलायची. आणि ग्रेसन नावाचा एक ताडमाड पोरगा, तो फार बोलायचा. बाकीची दोघं त्यांच्या मागं मागं. चर्चच्या खोलीत त्यांनी भिंतभर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या. गुलाबी म्हणजे लोकांचं दुःख, हिरवी म्हणजे आशा. भिंत पाहता आमची आळी फार आशावादी होती.

त्याला कारण आमची रीत. पाहुणा दारात येऊन विचारतो, तुम्हाला काय कमी आहे. आमच्यात यावर उत्तर एकच, काही कमी नाही बाळा, आत ये, जेवलास का. पाहुणा फारच अडून बसला तर त्याचं मन राखायला काहीतरी छोटंसं सांगायचं, जे त्याला जमेल. मावशीनं मारेनला पीचची गोड पाई वाढली, गोड थंड चहा दिला आणि पोरगी तिसऱ्यांदा विचारायला लागली तेव्हा म्हणाली, "संध्याकाळी बसायला बरी जागा असती तर छान झालं असतं." झालं. हिरवी चिठ्ठी.

मी त्यांच्याशी खेळून घेतलं, खोटं कशाला बोलू. ग्रेसनला सांगितलं, मी कामाला असतो त्या तळ्यातले कॅटफिश मासे शीळ घातली की झोपतात आणि बोललं की जागे होतात, म्हणून आम्ही जाळं टाकताना बोलत नाही. त्यानं लिहून घेतलं. एका पहाटे तो तळ्यावर आला. आम्ही छातीभर पाण्यात जाळं ओढतोय, पायाखाली गाळ, मासा मांडीला धडका देतोय, आणि हा काठावर उभा राहून हळूहळू शीळ घालतोय. माझ्या जोडीचा हसता हसता पाणी प्यायला.

पण दुपारी ट्रक धुताना मला एक दिसायचं. पाणी सोडलं की मागच्या गवतात वास उठतो, म्हणून पोरांपैकी कुणाला संडासला जायचं झालं की मावशी दारात आडवी. एक दिवस म्हणे रंग ओला आहे. एक दिवस म्हणे साखळी तुटली. मग म्हणे फरशीवर गांधीलमाश्या आल्यात. प्रत्येक वेळी पोरांना उन्हातून चर्चपर्यंत चालत पाठवायची, वर सॉरी म्हणून केळ्याचं पुडिंग. आणि सगळी गेली की स्वतः हातात बायबल घेऊन तिकडंच जायची. गुडघे दुखत, मधे मेलबॉक्सला धरून उभी राहायची. आळीला वाटावं, म्हातारी देवाची झाली.

आमच्या पैजेवर लिनवूड तेव्हा खूश होता. संध्याकाळी पंपावर भेटला की सांगायचा, मारेन आज म्हणाली, आईच्या न्हाणीचा रंग फार दिवस ओला आहे. मी विचारायचो, मग तू काय म्हणालास? तो म्हणायचा, मी तिला विचारलं, तुला काय वाटतं?

हे त्याचं हत्यार. पोरगं काहीही विचारू दे, हा उलट विचारणार, तुला काय वाटतं? स्क्रू कुठला वापरू? तुला काय वाटतं? पाऊस येईल का? तुला काय वाटतं? मी म्हणालो, लिनवूड, एखाद दिवशी तुझ्या पोरांचं घर जळत असेल आणि ती विचारतील, सर, पळू का? तो हसला नाही.

जुलैत पोरांनी ठरवलं. बाक. पिकनच्या झाडाच्या सावलीचा, घडीव, वळणदार, वर लाकडी छत. मी पंपावर नाचून दाखवलं. ओरेथानं मला शेंगा फुकट दिल्या आणि मग विचारलं, कुठं करणार आहेत रे बाक? तेव्हा मी नाचायचा थांबलो.

आळीत सगळं गवत उन्हानं पिवळं पडलं होतं. मातीला भेगा. एकच तुकडा हिरवागार होता, मावशीच्या घरामागं, गुडघाभर गवत, त्यात फुलपाखरं. पोरांना वाटलं, जागेनंच आपल्याला बोलावलं.

आळीतल्या सगळ्यांनी पाहिलं, कुणी बोललं नाही. बोलायचं म्हणजे का नको ते सांगायचं. मावशी मागच्या दारात खुर्ची टाकून बसली, मांडीवर वाटाणे सोलायला घेतले, बोटांनी सोलवत नव्हते तरी.

खांबांचे खड्डे ग्रेसननं खणायला घेतले. दोन दांड्यांचं ते खणायचं हत्यार असतं, वर उचलायचं, आपटायचं, माती चिमटीत धरून बाहेर. वरचा थर दगडासारखा, पोराच्या तळव्यांना फोड आले, फुटले, तरी गडी थांबेना. मला पहिल्यांदा तो बरा वाटला. कोपरभर खाली गेल्यावर हत्यार पचकन रुतलं. खड्ड्यात पाणी आलं. काळं, वर फेस. वास आला तो मी माझ्या कुंपणापाशी उभा राहून घेतला.

ग्रेसन म्हणाला, पाणी लागलं. मग सगळी मावशीकडं बघायला लागली. मावशीचे हात वाटाण्यांत थांबले. म्हणाली, "झरा असेल. माझे मालक म्हणायचे इथं झरा होता."

मारेन खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती. ती उठली. तिनं मावशीकडं पाहिलं नाही. सरळ लिनवूडकडं वळली.

"सर, हा झरा आहे का?"

लिनवूडनं आईकडं पाहिलं. आईनं त्याच्याकडं. मी कुंपणाची तार धरून उभा, पैज विसरून मनात म्हणतोय, सांग लेका. नियम गेला चुलीत, संस्था गेली चुलीत, एवढ्या एका प्रश्नाला हो की नाही म्हण.

लिनवूड पोरीकडं वळला. मग तो म्हणाला, "तुला काय वाटतं?"

पोरीनं खड्ड्याकडं पाहिलं. "झरा असेल," म्हणाली आणि खड्ड्यात खडी टाकायला गेली.

बाक झाला. खोटं बोलणार नाही, देखणा झाला. मावशीला त्यावर बसवून फोटो काढला. मागं हिरवं गवत, पायाशी खडीतून चमकणारं पाणी. तालुक्याच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर छापून आला. खाली लिहिलं होतं, झऱ्याकाठी विसावा.

आमच्या मुलखात झरा नाही. काळ्या मातीत झरा असता तर आम्ही कॅटफिशची तळी विहिरीच्या पंपानं कशाला भरली असती? हे आम्हाला ठाऊक, तसं आरोग्य खात्यालाही ठाऊक. त्यांचा माणूस बाटली घेऊन आला. चांगला होता बिचारा, टोपी काढून बोलला. म्हणाला, बाई, लोक बसायला येतील तिथलं पाणी तपासावं लागतं. मावशीनं त्यालाही चहा दिला. त्यानं बाकावर बसून प्याला, बाटली भरली आणि गवत पायानं बाजूला करत करत पाइपापर्यंत गेला.

लाल कागद पुढच्याच आठवड्यात लागला, परतीच्या रविवारच्या आधी. मावशी माझ्या घरी झोपायला आली. माझ्या घरामागंही तोच पाइप आहे, पण माझा फोटो छापून आला नव्हता. सोमवारी लिनवूड तिला बर्मिंगहॅमला नेणार होता, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या खोल्यांत. तिनं सोबत काय घेतलं, तर ते दुधाचं भांडं. मी म्हणालो, मावशी, ते कशाला? म्हणाली, सवय.

रविवारी सकाळी मी ट्रकमधून बर्फाच्या पेट्या उतरवत होतो. मारेन आली आणि न सांगता दुसऱ्या बाजूनं पेटी धरली. पोरं बाकाच्या कौतुकासाठी परत आली होती, लाल कागद त्यांनी येतानाच पाहिला होता. दोन पेट्या झाल्यावर ती म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"पाइपाचं. आलो त्याच आठवड्यात. त्या आम्हाला चर्चला पाठवायच्या आणि मग स्वतः जायच्या. आम्हा चौघांनाही ठाऊक होतं."

मी पेटी खाली ठेवली. "मग बोललात का नाही?"

"आम्ही यावर खूप बोललो आपसांत. सरांनी शिकवलंय, माणसानं स्वतः सांगितलं नाही ते त्याच्या वतीनं बोलायचं नाही. त्याचा मान जातो." तिच्या हातावर बर्फाचं पाणी ओघळत होतं, ते ती पुसत नव्हती. "मिस वर्डेलना ते लपवायचं होतं. आम्ही त्यांना ते लपवू दिलं. बाक तरी चांगला करू म्हटलं."

"खड्ड्यापाशी विचारलंस की. झरा आहे का म्हणून."

"सरांना विचारलं. त्यांच्या आईसमोर आणखी कसं विचारणार होते? मला वाटलं, त्यांना आम्ही बोलावं असं वाटत असेल तर ते नाही म्हणतील." ती थांबली. "ते नाही म्हणाले नाहीत."

मी पेटी पुन्हा उचलली. तिनं विचारलं, सरांना सांगू का? मी म्हणालो, तू पेट्या उतरव.

प्रार्थना झाली, जेवणं झाली. तळलेले कॅटफिश, कॉलर्डची पालेभाजी, मक्याचे पाव, ओरेथाचा केक. पोटं भरल्यावर लोकांना पैज आठवली. बाक झाला, लिनवूड हरला, हे आळीभर झालं होतं. डेट्रॉइटचे पाहुणेही टेबलं वाजवायला लागले. प्रोफेसर कोंबडा, प्रोफेसर कोंबडा. हसायची सगळ्यांनाच गरज होती. मावशी अंगणातल्या पिकनखाली बसली होती, तीही हसली.

लिनवूड उठला. मानानं हरावं तसा उठला, कोट काढून घडी केली, बूट काढले आणि माझी पिवळी विजार पायात चढवायला लागला. चांगल्या कापडाची पॅन्ट आत गोळा होत होती. एक पाय आत गेला तेव्हा मी त्याच्यापाशी गेलो.

"काढ."

"काय?"

"विजार काढ. मला घालायचीय."

तो हसला. त्याला वाटलं, मला दया आली. "राहू दे थर्मन. पैज म्हणजे पैज. बाक झाला ना."

"पैज बाकाची नव्हती," मी म्हणालो. "पैज कळण्याची होती."

तो एक पाय रबरात, एक पाय मोज्यात, तसाच उभा राहिला. मी विजार ओढून काढली, घातली, पट्टे खांद्यावर घेतले आणि फळकुटावर चढलो.

पहिल्यांदा आरवलो तेव्हा अंगण हसण्यानं फुटलं. पोरं माझ्यामागं आरवायला लागली, पाळकानं डोळे पुसले. ओरेथा तेवढी हातातला केक खाली ठेवून बघत राहिली.

दुसऱ्यांदा आरवलो तेव्हा लिनवूडची मान वळली. चौघं पोरं एका टेबलाला होती. मारेन ताटात बघत होती. तिच्या शेजारची दोघंही. लिनवूड त्यांच्याकडं असा बघत राहिला, की हळूहळू बाकीची टेबलंही बघायला लागली आणि हसणं एकेका टेबलावरून उठून गेलं. त्याचं तोंड उघडं होतं. विचारायला त्याच्याकडं एकच प्रश्न होता आणि तो त्याला विचारवत नव्हता.

तिसऱ्यांदा मी पोटातून आरवलो, लाल कागदापर्यंत जाईल असा. हसायला फक्त ग्रेसन उरला होता. तो जागेवरून उठून पिकनखाली आला होता, फोन उंच धरून माझं चित्रण करत होता. त्यानं वाकून मावशीला अदबीनं विचारलं, "मिस वर्डेल, ही इथली जुनी पद्धत आहे का?"

मावशीनं दोन्ही तळव्यांत धरून मक्याच्या पावाचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला.

"हो बाळा," म्हणाली. "फार जुनी."